चार वाजताचं ताट

बोलून माणूस बरा होतो यावर माझा विश्वास नव्हता, आणि नसणं साहजिकच होतं. मी गोळ्या विकतो. कोल्हारला नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला माझं मेडिकल आहे. या रस्त्याच्या खड्ड्यांनी माझ्या धंद्याला जेवढा हातभार लावला तेवढा कुठल्या डॉक्टरनंही लावला नसेल. कंबरेचं मलम मी पुढच्या काचेतच ठेवतो. दुकानाला लागून एक छोटा दवाखाना आहे. तिथं मागं काही वर्षं दर गुरुवारी नगरहून मनाच्या आजारांचे डॉक्टर यायचे. ते स्वतःच्या मोटारीतून यायचे, आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या बागवान मॅडम एसटीनं यायच्या.

गुरुवार म्हणजे शिर्डीचा वार. त्या दिवशी नगरहून येणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. डॉक्टर भला माणूस, म्हणायचा, "मॅडम, माझ्या गाडीतून चला." मॅडम म्हणायच्या, "तुमच्या गाडीत काचा लावून आपण दोघं शहाणे बोलत बसणार. एसटीत मला कोण काय काय सांगतं." मग घामाघूम होऊन, नारळाच्या पिशव्या आणि फुलांचे हार यांच्यातून वाट काढत त्या उतरायच्या, आणि उतरल्या उतरल्या मला बातमी द्यायच्या की राहुरीपासून शेजारी बसलेल्या बाईच्या सुनेला दिवस गेलेत आणि सासू खूश आहे.

नसीम बागवान हे त्यांचं नाव. नगरमध्ये वडिलांचा फळांचा गाळा होता. पन्नाशी ओलांडलेली, काडीसारखी अंगकाठी, डोक्यावरून घेतलेली ओढणी, आणि खांद्याला एवढी मोठी रेक्झिनची पिशवी की बाई मुक्कामाला आल्यात असं वाटावं. पिशवीत स्टीलचा पेला, एक छोटी सुरी, तिखटमिठाची डबी आणि पेरू. पेरू त्या आमच्या स्टँडवर घ्यायच्या आणि घेताना टोपलीतला एकेक अंगठ्यानं दाबून बघायच्या. विकणारी बाई कुरकुरायची, पण बागवानाच्या लेकीपुढं तिचं काही चालायचं नाही.

दवाखान्याच्या दारावर 'समुपदेशक' अशी पाटी होती. तो शब्द गावात कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांना 'बोलणाऱ्या मॅडम' असं नाव पडलं. खरं तर त्या फारच कमी बोलायच्या. "बरं. मग?" एवढ्या दोन शब्दांवर त्यांचा दिवस निघायचा. दुपारी चहाला माझ्या दुकानात आल्या की स्टुलावर बसून काही न बोलता पेला फुंकत राहायच्या, आणि ती शांतता सहन न होऊन मी आपला बोलत सुटायचो. मी बारावीला एकदा गटांगळी खाल्ली हे माझ्या बायकोलाही माहीत नव्हतं, ते मी या बाईला तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी सांगून बसलो. त्या म्हणाल्या, "बरं. मग?" मग काय, मी प्रेमभंगही सांगितला.

विनोद त्यांना उशिरा कळायचा. दुपारी सांगितलेल्या किश्शाला त्या संध्याकाळी स्टँडवर उभ्या असताना एकट्याच हसायच्या. तिथंच, बाकावर बसून, स्वतःशी बोलायच्याही. ओठ हलायचे, हात हलायचे, मधेच मान नकारार्थी हलायची. एकदा एका पेशंटच्या आईनं ते पाहिलं आणि माझ्याकडं येऊन हलक्या आवाजात म्हणाली, "भाऊ, बाईलाच लागलंय जनू." मी ते मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "दिवसभर एवढ्यांचं ऐकते, अशोकभाऊ. माझं कोण ऐकणार? मग मीच ऐकून घेते." मी हसलो. हा विनोद नव्हता हे मला बरंच नंतर कळलं.

खोलीत त्या पेशंटच्या समोर कधी बसल्या नाहीत. दोन खुर्च्या शेजारी शेजारी, दोन्हींची तोंडं दाराकडं, आणि दार उघडं. समोर बसलेला माणूस फौजदार वाटतो, असं त्यांचं म्हणणं. पेरू आणि सुरी पेशंटच्या हातात द्यायच्या आणि त्यालाच कापायला सांगायच्या. वेडसर माणसाच्या हातात सुरी देते ही बाई, म्हणून दवाखान्यातल्या नर्सचा जीव खालीवर व्हायचा. आणि सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायच्या. ज्यांना सगळा गाव 'ए' म्हणून हाक मारायचा, त्यांनाही.

कुणाचं काय दुखणं ते मात्र त्यांनी मला आपण होऊन कधी सांगितलं नाही; मला आधीच माहीत असेल तेवढ्यावरच बोलायच्या. पुढं जे लिहितो आहे ते भास्करनं आणि त्याच्या आईनं माझ्या दुकानात बसून सांगितलेलं किंवा मी डोळ्यांनी पाहिलेलं. लिहू का, म्हणून भास्करला विचारलं. तो म्हणाला, "माजं नाव बदला. गाईचं नका बदलू." म्हणून भास्कर हे नाव खोटं आहे आणि हरणी हे खरं.

भास्कर तिशीतला. नदीकाठाला थोडी जमीन, ही हरणी गाय, आणि घरात आई हिराबाई. वडील कधीच गेलेले. त्याला स्किझोफ्रेनिया होता. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, चिठ्ठीवरच्या गोळ्या मला कळतात. त्याला दोन आवाज ऐकू यायचे. एक पुरुषाचा, तो शिव्या द्यायचा आणि सांगायचा की तुझ्या अन्नात विष आहे, तुझ्या दुधातही लोकांनी काहीतरी कालवलं आहे. दुसरा एका बाईचा. ती फार बोलायची नाही. एवढंच विचारायची, "भास्कर, जेवलास का?"

त्या पहिल्या आवाजापायी त्यानं शिजवलेलं अन्न सोडलं होतं. ज्याला साल आहे तेवढंच खायचा: केळी, पेरू, उकडलेली अंडी. डेअरीवर एकदा त्यानं आरडाओरडा करून सगळ्यांचं दूध सांडायची वेळ आणली होती, तेव्हापासून गावानं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. म्हणजे कुणी वाईट वागत नव्हतं. लोक बाजूनं निघून जायचे. त्याच्याशी बोलणाऱ्या जगात दोनच बाया उरल्या होत्या, एक आई आणि एक ती आवाजातली.

हिराबाईनं त्याला ओढत दवाखान्यापर्यंत आणलं, पण तो आत येईना. रस्त्यापलीकडं उन्हात उभा राहिला. मॅडम बाहेर आल्या, रस्ता ओलांडला आणि त्याच्या शेजारी जाऊन त्याच दिशेला तोंड करून उभ्या राहिल्या. दोघंही शिर्डीला जाणाऱ्या गाड्या बघत होते. माझं गिऱ्हाईक पैसे द्यायचं विसरून बघत राहिलं. पुढच्या गुरुवारी तेच. त्याच्या पुढच्या गुरुवारी भास्कर म्हणाला, "तुमाला ऐकू येतंय का?"

हा प्रश्न त्यानं आधी पुष्कळांना विचारला होता. देवऋषी म्हणाला होता, हो, येतंय, कोंबडं आण. बाकीचे म्हणाले होते, गप ए, काही नाही. मॅडम म्हणाल्या, "मला नाही येत. पण तुम्हाला येतंय ना? काय म्हणतायत?" भास्कर मला नंतर म्हणाला, "त्या येळंला म्या पयल्यांदा बाईकडं नीट बघितलं."

मग तो आत येऊ लागला. डॉक्टरांच्या गोळ्या होत्याच, आणि त्या लागू पडत होत्या, हे मी धंद्याला स्मरून सांगतो. पण गोळी त्याच्या पोटात जाण्याआधी ती विषारी आहे की नाही यावर कुणाला तरी त्याच्याशी बोलावं लागत होतं, आणि ते माझ्या काउंटरवर होणारं काम नव्हतं.

दुधाची गोष्टही तेव्हाचीच. मॅडमनी त्याला "असं काही नसतं" असं एकदाही म्हटलं नाही. म्हणाल्या, "चला, बघू या." एका गुरुवारी त्या संध्याकाळच्या दुधापर्यंत थांबल्या. भास्करनं त्यांच्यासमोर धार काढली, किटलीच्या झाकणावर हात दाबून डेअरीपर्यंत आला. डेअरीवरच्या रंगनाथनं नमुना घेतला, मशीनमध्ये घातला, फॅट लागली नेहमीएवढीच. मॅडमनी विचारलं, "तुम्हाला काय दिसलं?"

"दूध दिसलं."

"आणि तो काय म्हणतो?"

"म्हन्तो, इख हाय."

"बरं. मग दोन्ही लक्षात ठेवू."

एवढ्यावर त्या थांबल्या असत्या, पण रंगनाथला चेव आला. हा गडी बोलण्यापेक्षा करून दाखवणारा. त्यानं किटलीतलं माप भरून कच्चं दूध घटाघटा पिऊन टाकलं आणि मिशा पुसत म्हणाला, "हे बघ, झालं का काय मला?" भास्करचा चेहरा पांढराफटक पडला. मॅडमची गाडी गेली, डेअरी बंद झाली, रंगनाथ घरी गेला, आणि त्याच्या मागोमाग भास्कर जाऊन त्याच्या अंगणात बसला. हलायला तयार नाही. रंगनाथ जेवला, हात धुतले, अंगणात आला तरी हा तिथंच. रंगनाथ मरतो का ते बघायला बसला होता. मरायला लागला तर उचलून दवाखान्यात न्यायला कुणीतरी हवं, म्हणून.

पुढच्या आठवड्यात गाव हे हसून हसून सांगत होतं. मॅडमनी माझ्या दुकानात ऐकलं आणि त्यांच्या हातातला पेला तसाच राहिला. "अशोकभाऊ," त्या म्हणाल्या, "दुसऱ्याच्या जिवासाठी रात्रीपर्यंत कोण बसलंय तुमच्या अंगणात कधी?" मी चिल्लर मोजत बसलो. रंगनाथ मात्र त्या दिवसापासून दूध घेताना भास्करला नाव घेऊन हाक मारू लागला.

आता ताटाची गोष्ट. आवाज दिवसभर कधीही यायचे. वैरण कापताना, धार काढताना, रस्त्यानं चालताना. मॅडमनी त्याला एक युक्ती शिकवली. आवाज आले की त्यांना सांगायचं, आत्ता मला काम आहे, चार वाजता या, तेव्हा तुमचं ऐकतो. चारला धारेच्या आधीची मोकळी वेळ असते. सुरुवातीला भास्करला ते खुळेपणाचं वाटलं, पण सवयीनं जमत गेलं. दिवसभराचा गलका हळूहळू चारच्या आसपास गोळा व्हायला लागला. आवाजांना वेळ पाळायला लावणं म्हणजे एसटीला वेळेवर आणण्यासारखंच. ते या बाईनं केलं.

हे सगळं चाललं असताना हिराबाई दाराआड बसून ऐकत होती. तिला एवढंच कळलं की चार वाजता घरी कुणीतरी यायचं आहे. आणि मॅडमनीच बोलावलंय. आता बाहेरचं असलं, न दिसणारं असलं, तरी दाराशी आलेलं उपाशी परत जाऊ नये. उपाशी गेलं की मग ते माणसाला धरतं. ही तिच्या सासूची शिकवण. म्हणून तिनं दुसऱ्या दिवशी पिठलं-भाकरी केली, ताट वाढलं, वर फडकं झाकलं, आणि चारच्या ठोक्याला पडवीत ठेवून भास्करला बजावलं, "हात लावू नगंस. हे तुजं न्हाई, तेंचं हाय."

भास्कर ताटासमोर बसून राहिला. आवाज आले. पुरुष नेहमीप्रमाणे विषाचं सांगू लागला. आणि भास्करच्या मनात आलं की सगळ्या अन्नात विष असेल, पण या ताटात कसं असेल? हे तर त्यांच्यासाठीच वाढलंय. विषाची खबर देणाऱ्यांनाच कोण विष घालील? त्यानं फडकं बाजूला केलं आणि ताट साफ केलं. कित्येक महिन्यांत त्याच्या पोटात गेलेलं ते पहिलं शिजलेलं अन्न.

हिराबाईची पाचावर धारण बसली. गुरुवारी मॅडम एसटीतून उतरायच्या आत ती स्टँडवर हजर. माझ्या दुकानाच्या पायरीवर तिनं मॅडमचा हात धरला. "मॅडम, तेंचा निवद ह्यानं खाल्ला. सगळा खाल्ला. रोज खातोय. आता ते ह्याला सोडायचे न्हाईत." आणि रडायला लागली.

मॅडमनी पिशवी खाली ठेवली. सगळं नीट ऐकून घेतलं, अगदी सासूच्या शिकवणीपासून. आता ही बाई या म्हातारीला झापते की काय, असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "पिठल्यात लसूण घातला होता?"

हिराबाई रडता रडता थांबली. "घातला हुता."

"मग उद्याही घाला."

हे वाक्य त्या घरात पुढं म्हणीसारखं झालं. काही बिनसलं, दूध नासलं, पाऊस लांबला, की हिराबाई म्हणायची, "मग उद्याही घाला," आणि दोघं मायलेक हसायचे. पण मॅडमनी जाता जाता आणखी एक सांगितलं होतं. ताट कुणासाठी, असं भास्करनं विचारलं तर खोटं सांगायचं नाही. भुकेल्यासाठी, एवढंच म्हणायचं. आणि पुढं एका गुरुवारी त्यांनी भास्करलाच विचारलं, "ते ताट रोज संपवतं कोण?"

"मीच."

"मग ते कुणाचं?"

भास्करनं पेरू कापला, बिया काढत बसला, निघून गेला. पुढच्या गुरुवारी खोलीत पाय ठेवता ठेवता म्हणाला, "माजंच म्हनायचं." त्या दिवशी संध्याकाळी मॅडम स्टँडवर एकट्याच हसत होत्या. कारण मला भास्करकडून नंतर कळलं.

वर्ष-दीड वर्षात शिव्या देणारा आवाज विरत गेला. दूरच्या लाउडस्पीकरसारखा झाला, आहे पण शब्द कळत नाहीत, असं भास्कर म्हणायचा. आणि मग एके दिवशी ती 'जेवलास का' विचारणारीही आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. हिराबाईनं देवीला नारळ फोडला, दवाखान्यात पेढे वाटले, मलाही दिला. डॉक्टर खूश, नर्स खूश. भास्कर मॅडमच्या शेजारच्या खुर्चीत बसून रडत होता. दार उघडं असल्यानं सगळ्यांना दिसत होतं आणि सगळ्यांना ते आनंदाचं रडणं वाटलं.

चहाच्या वेळी मॅडम आल्या तेव्हा त्यांच्या हातात तो पेढा तसाच होता. कागदात गुंडाळून त्यांनी तो पिशवीत टाकला. मी म्हटलं, "मॅडम, जिंकलात तुम्ही." त्या म्हणाल्या, "त्याच्या घरात बोलणारी तीन माणसं होती, अशोकभाऊ. मी दोन कमी केली. त्यातलं एक त्याला रोज जेवलास का विचारायचं." मग म्हणाल्या, "आता तिच्या जागी कोण? तेवढं मला जमलं नाही तर हे सगळं फुकट गेलं. तो तिला परत बोलावील. आणि मी त्याला नाव ठेवणार नाही."

त्यानंतर त्या माणूस शोधायला लागल्या. रंगनाथला सांगितलं, कटिंगच्या दुकानातल्या न्हाव्याला सांगितलं, मला सांगितलं, की चारच्या सुमाराला जमेल तसं त्याच्याकडं एक चक्कर मारा. आम्ही गेलो, नाही असं नाही. पण जो जायचा तो एकच विचारायचा, "गोळ्या घेतोस ना?" मीसुद्धा तेच विचारलं. गावानं भास्करसाठी तेवढा एकच प्रश्न शिल्लक ठेवला होता. त्याचं उत्तर 'घेतो' असं आलं की पुढं काय बोलावं कुणाला सुचायचं नाही, आणि माणूस हरणीकडं बघून उठायचा.

शेवटी मॅडम स्वतःच चार वाजता फोन करू लागल्या. रोज, मिनिटभर. "भास्करराव, जेवलात का?" ती 'जेवलास का' म्हणायची, ह्या 'जेवलात का' म्हणत, मी म्हणजे ती नव्हे हे त्याला रोज कळायला हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. डॉक्टरांना हे फारसं पटलं नाही. पेरू चघळत ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही एकट्या कुठं कुठं पुरणार?" मॅडम म्हणाल्या, "तेच तर."

मग त्यांनी भास्करला गृहपाठ दिला. रोज एका माणसाला आपण होऊन विचारायचं, जेवलात का. भास्कर म्हणाला, "मला कोन इचारतंय म्हनून म्या इचारू?" मॅडम म्हणाल्या, "कुणीतरी सुरुवात करायची असते. तुम्हाला त्याची किंमत माहीत आहे, त्यांना नाही." भास्कर कामाला लागला. आणि गृहपाठ म्हणजे गृहपाठ, त्यात वेळकाळ कशाला बघायचा? सकाळी सातला डेअरीवर दूध घालताना रंगनाथला, "जेवलात का?" स्टँडवर गाडी लावून तंबाखू मळणाऱ्या ड्रायव्हरला, "जेवलात का?" मला तर दुकानाचं शटर वर होता होता. पोरंटोरं त्याला 'जेवलात का' म्हणूनच हाका मारू लागली. पण गंमत अशी की लोक उत्तर द्यायला लागले. ड्रायव्हर म्हणाला, कुठलं जेवण, आज डबाच नाही. भास्करनं त्याला घरी नेऊन भाकरी वाढली. चारचं ताट एक दिवस ड्रायव्हरनं खाल्लं.

पुढं डॉक्टरांनी नगरला मोठा दवाखाना काढला आणि गुरुवारचं येणं बंद करायचं ठरवलं. मॅडमचंही वय झालं होतं. अशी बातमी आपण फार आधी कुणाला सांगत नाही, मन मोडतं म्हणून. मॅडमनी उलट केलं. पेशंटना कितीतरी आधीपासून सांगायला लागल्या, प्रत्येक गुरुवारी, पुन्हा पुन्हा. "न सांगता गेलेलं माणूस आवाज होऊन परत येतं," त्या म्हणायच्या. भास्करचा रोजचा फोन त्यांनी आधी गुरुवारपुरता केला, मग तोही थांबवला. त्याला स्वच्छ सांगितलं की आता मी करणार नाही. आता तुम्ही विचारायचं, ज्याला विचारावंसं वाटेल त्याला.

शेवटच्या गुरुवारी हार नाही, भाषण नाही. त्या आणि भास्कर शेजारी बसून पेरू खात होते, दाराकडं तोंड करून. संध्याकाळी ते दोघं पहिल्या दिवसासारखे रस्त्यापलीकडं उभे राहिले. गाडी आली, मॅडम गर्दीत शिरल्या, ओढणीचं एक टोक दारात अडकलं, ते कुणीतरी आत ओढलं आणि गाडी गेली. भास्कर धारेची वेळ झाली म्हणून लगेच निघाला. मीच आपला काउंटरवर बसून राहिलो. पुढच्या गुरुवारी दुपारी माझा चहा निवला, कारण स्टूल रिकामं होतं आणि बोलायला लावणारं कुणी नव्हतं.

नंतर वर्षभरानं मी औषधांच्या होलसेलवाल्याकडं नगरला गेलो होतो. काम लवकर उरकलं म्हणून पत्ता काढत मॅडमच्या घरी गेलो. माळीवाड्याच्या स्टँडपासून रिक्षानं एका जुन्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. जिना चढताना त्यांचा आवाज ऐकू आला. पाहुणे असतील म्हणून मी पायऱ्यांवरच घुटमळलो. वर गेलो तर दार उघडं, आणि खोलीत त्या एकट्याच. दोन खुर्च्या शेजारी शेजारी, तोंडं दाराकडं. एकीत त्या बसल्या होत्या.

मला बघून त्या उठल्या आणि लाजल्या. "ऐकून घेत होते," म्हणाल्या. खूप वाळल्या होत्या. भावाचं कुटुंब पुण्याला गेलं, गाळा विकला, खालचा मजला भाड्यानं दिलाय, पण भाडेकरू दिवसभर कामावर. मला रिकाम्या खुर्चीत बसवून त्यांनी सगळ्यांची चौकशी केली. रंगनाथ, नर्स, पेरूवाली, रस्त्याचे खड्डे. भास्करचं विचारलं नाही. मला वाटलं विसरल्या, आणि मला ते लागलं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर डाळीचं पातेलं झाकलेलं दिसत होतं, ताट कोरडं पालथं घातलेलं.

तेवढ्यात फोन वाजला. त्यांच्या त्या जुन्या, गल्लीला ऐकू जाईल अशा रिंगनं. कानाला कमी येतं म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"मॅडम, म्या बोलतोय. जेवलात का?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. पाहुण्यासमोर कुणीही 'हो' म्हणून मोकळं झालं असतं. पण भास्करशी त्या कधी खोटं बोलल्या नव्हत्या.

"नाही," त्या म्हणाल्या.

फोनमधून काही वेळ नुसता हरणीच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज आला. मग भास्कर म्हणाला, "मंग बसा. म्या हाय हितं."

त्या उठल्या. ताट सुलटं केलं, डाळ वाढून घेतली, भात घेतला, फरशीवर बसल्या आणि फोन समोर पेल्याला टेकवून ठेवला. मी आहे हे त्या विसरल्याच होत्या, आणि ते बरंच होतं. मी चपला घातल्या. फोनमध्ये बादली वाजली, धारेचा चुर्र चुर्र आवाज सुरू झाला. त्या जेवत होत्या आणि तो धार काढत होता. मी जिन्याच्या निम्म्यात होतो तेव्हा वरून भास्करचा आवाज आला.

"डाळीत लसून घातला का?"

"कंटाळा केला आज," त्या म्हणाल्या.

"मंग उद्या घाला."